इलेक्ट्रॉनचा पासंग

मागच्या सोयाबीनच्या हंगामात आम्ही मंगरूळपीरला एका अभ्यासिकेत गेलो होतो. विहाराच्या आवारातच दोन खोल्या काढून ही अभ्यासिका चालवली जाते. पोलीस भरती, तलाठी, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी तीस-चाळीस मुले-मुली तेथे सकाळपासून मान खाली घालून बसतात. आम्हाला बोलावले होते ते विज्ञानातील चालू घडामोडींवर तासभर बोलायला. बोलता बोलता आम्ही २०२३ सालच्या एका प्रयोगाविषयी सांगितले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे 'जिला' नावाची संस्था आहे. तेथील वैज्ञानिकांनी काही रेणू सापळ्यात पकडून धरले आणि त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनमध्ये एक फार बारीक असमतोल आहे का, ते तपासले. आजवर कोणी केले नव्हते इतके अचूक मोजमाप त्यांनी केले. उत्तर आले शून्य.

मागच्या बाकावरून अकरावी विज्ञानाचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, एवढं मोजून सापडलं काय मंग? काहीच नाही नं?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही त्याला जे उत्तर दिले ते पुस्तकी होते आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते त्याला पटले नाही हे दिसत होते. प्रश्न मात्र चोख होता. कोट्यवधींचा पैसा आणि माणसांची उमेदीची वर्षे घालून शेवटी 'काही सापडले नाही' असे जगाला सांगायचे आणि जगाने त्याला मोठे विज्ञान म्हणायचे, हा काय प्रकार आहे? त्या मुलाचे देणे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

त्याच दिवशी दुपारी बाजार समितीच्या आवारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी गप्पा झाल्या. सोयाबीन घेऊन आला होता. ओलावा मोजणाऱ्या यंत्राने त्याचा भाव पाडला होता आणि तो यंत्राला शिव्या घालत होता. तो म्हणाला, पूर्वीची तागडी बरी, तिची लबाडी पकडता तरी येत होती. कशी, म्हणून आम्ही विचारले. "पारडे बदलून पाय नं बाबू," तो म्हणाला. म्हणजे असे: एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजने. दांडी सरळ झाली की मालाची आणि वजनांची जागा अदलाबदल करायची. तागडी खरी असेल तर दांडी पुन्हा सरळच राहील. पासंग असेल तर दुसऱ्या खेपेला दांडी झुकते. लबाडी किती ते दोन्ही मापांतल्या फरकावरून कळते.

वाचकहो, आम्हाला अभ्यासिकेत जे सांगता आले नाही ते या बुवाने एका वाक्यात सांगितले. बोल्डरच्या प्रयोगाचे मर्म हेच आहे. पारडी बदलून पाहायची आणि इलेक्ट्रॉनला पासंग आहे का ते शोधायचे.

इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचा सर्वांत लहान, ऋण भाराचा कण. तुमच्या-आमच्या शरीरात, भाकरीत, दगडात, सर्वत्र तो आहे. त्याला एक फिरकी असते, जणू तो स्वतःच्या आसाभोवती फिरतो आहे. प्रश्न असा की त्याचा भार अगदी बरोबर मधोमध आहे, की फिरकीच्या दिशेने किंचित सरकलेला आहे? सरकलेला असेल तर तो झाला इलेक्ट्रॉनचा पासंग. शास्त्रीय भाषेत याला विद्युत द्विध्रुव आघूर्ण म्हणतात. हे नाव वाचून कोणी पान उलटू नये म्हणून आम्ही पासंगच म्हणणार आहोत.

पासंग असला काय, नसला काय, कोणाचे काय बिघडते? बिघडते. आणि ते इतके बिघडते की पासंगाच्या जातीचे काही निसर्गात नसते तर हा लेख लिहायला आम्ही नसतो आणि वाचायला तुम्ही नसता. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान निर्माण झाले असे भौतिकशास्त्र सांगते. दोघांची गाठ पडली की दोघेही नष्ट होतात आणि मागे फक्त प्रकाश उरतो. हिशेब समसमान सुटला असता तर विश्वात फक्त प्रकाश राहिला असता, तारे नाहीत, माती नाही, माणूस नाही. प्रत्यक्षात साधारण शंभर कोटींमागे एक या प्रमाणात द्रव्य जास्त उरले, आणि त्या उरलेल्या चिमूटभर द्रव्यातून हे सारे झाले. हा जास्तीचा एक कोठून आला? १९६७ मध्ये आंद्रे साखारोव्ह या रशियन वैज्ञानिकाने दाखवले की यासाठी निसर्गाच्या नियमांतच द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यात कोठेतरी पंक्तिभेद असला पाहिजे. असा काही भेद सापडला आहे, परंतु उरलेल्या द्रव्याचा हिशेब जुळायला तो फारच अपुरा पडतो. या हिशेबाच्या पासंगालाही तो पुरत नाही. म्हणून उरलेला भेद शोधणे चालू आहे, आणि तो असेल तर इलेक्ट्रॉनमध्ये त्याची खूण उमटली पाहिजे. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचे चित्रण उलटे चालवले तर फिरकीची दिशा उलटते, पण सरकलेला भार जागच्या जागी राहतो. म्हणजे उलटे चित्र सुलट्या चित्राशी जुळत नाही. काळाची दिशा बदलली तर नियम बदलतो, असा त्याचा अर्थ. द्रव्य-प्रतिद्रव्यातला भेद आणि हा काळाचा भेद ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण आमच्या वाचकांना त्यात रस वाटेल. १९५० पर्यंत समस्त भौतिकशास्त्रज्ञांची अशी समजूत होती की निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करीत नाही, आणि म्हणून कणांना असला पासंग असूच शकत नाही. ही समजूत इतकी सर्वमान्य होती की ती पाठ्यपुस्तकात सिद्ध गोष्टीसारखी लिहिली जाई. १९५० मध्ये एडवर्ड पर्सेल आणि नॉर्मन रॅम्झी या दोघांनी एक छोटासा लेख लिहून विचारले की हे कोणी तपासून पाहिले आहे काय? तपासलेले नव्हते! सगळ्यांनी धरून चाललेली गोष्ट होती. मग त्यांनी स्वतः न्यूट्रॉन या कणावर प्रयोग केला. त्यांनाही शून्यच सापडले. पण प्रश्न विचारला गेला, आणि विचारलेला प्रश्न मागे घेता येत नाही. १९५६ मध्ये ली आणि यांग या दोन तरुण वैज्ञानिकांनी त्याच प्रश्नाला धार लावली. त्यानंतर काही महिन्यांतच चिएन-शियुंग वू या बाईंनी कोबाल्टचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करतो हे सिद्ध केले. १९५७ चे नोबेल ली आणि यांग यांना मिळाले. वूबाईंना मिळाले नाही. ज्याने प्रत्यक्ष हात घातला त्याचे नाव मानाच्या यादीतून गळते, हे आमच्या वाचकांना नवे नाही, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही.

आता रेणू कशाला हवेत ते पाहू. पासंग ओळखायचा तर इलेक्ट्रॉनला जबरदस्त विद्युत क्षेत्रात ठेवले पाहिजे. प्रयोगशाळेत एका सेंटिमीटरला एखाद लाख व्होल्टच्या आसपास गेलो की ठिणग्या उडू लागतात. पण निसर्गाने स्वतःच एक प्रयोगशाळा बांधून ठेवली आहे, ती म्हणजे जड अणू असलेला रेणू. अशा रेणूच्या पोटातल्या इलेक्ट्रॉनला जाणवणारे क्षेत्र प्रचंड असते. बोल्डरला वापरलेल्या हॅफ्नियम फ्लोराइडच्या आयनात ते सेंटिमीटरला सुमारे २,३०० कोटी व्होल्ट आहे, तर थोरियम ऑक्साइडमध्ये सुमारे ७,८०० कोटी व्होल्ट. माणसाने बांधलेले कोणतेही यंत्र याच्या पासंगालाही पुरणार नाही.

अडचण अशी की रेणू स्वस्थ बसत नाहीत. आपल्या खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला सुमारे अर्धा किलोमीटर वेगाने धावत असतात. समोरून सुसाट निघून जाणाऱ्या मोटारसायकलीचा नंबर वाचायचा तसा हा प्रकार. मोजमापाला वेळ पाहिजे. जितका वेळ जास्त, तितके माप बारीक. म्हणून त्यांना थंड करायचे, कारण थंड म्हणजेच हळू, आणि मग सापळ्यात धरून ठेवायचे.

अणू थंड करण्याची युक्ती जुनी झाली. लेझरचा प्रकाश समोरून मारायचा. प्रकाशाचा प्रत्येक कण अणूला एक बारीकसा धक्का देतो, धावत येणाऱ्या बैलगाडीवर समोरून तुरीचा दाणा मारावा तसा. एका दाण्याने काय होणार? पण हजारो दाणे एकसारखे मारत राहिलात तर गाडी थांबते. या कामासाठी स्टीव्हन चू, क्लॉद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल मिळाले. रेणूंना मात्र ही युक्ती लागू पडेना. अणू धक्का खाऊन पुन्हा पहिल्या स्थितीत येतो आणि पुढचा धक्का खायला तयार होतो. रेणू थरथरतो, गरगरतो, आणि धक्का खाऊन भलत्याच स्थितीत जाऊन बसतो. मग लेझरला तो दिसेनासाच होतो. अनेक वर्षे बहुतेकांनी हे काम सोडून दिले होते. पण सगळे रेणू सारखे नसतात. काही थोडे रेणू पुष्कळदा पहिल्या जागी परततात, आणि भटकलेल्यांना परत आणायला आणखी दोन-तीन लेझर पुरतात. २०१० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात डेव्हिड डिमिल यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम फ्लोराइड हा रेणू लेझरने थंड करून दाखवला. २०१४ मध्ये तो सापळ्यात बसला. २०१७ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात कॅल्शियम फ्लोराइड निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या वीस हजाराव्या भागापर्यंत खाली आणला गेला. आम्ही हिशेब करून पाहिला, त्या तापमानाला रेणूचा वेग सेकंदाला साधारण पंधरा सेंटिमीटर भरतो. अर्धा किलोमीटरवरून वीतभराच्याही आत! मे महिन्यात मंगरूळपीरचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हे वाचून वाचकांना थोडा गारवा वाटेल अशी आशा आहे.

बोल्डरच्या मंडळींनी दुसरी वाट धरली. त्यांचा रेणू विद्युतभारित, म्हणजे आयन आहे. त्याला विजेच्या सापळ्यात कोंडता येते. पण विद्युत क्षेत्र लावले की आयन पळून जाऊन सापळ्याच्या भिंतीवर आपटेल. म्हणून त्यांनी ते क्षेत्रच सेकंदाला लाखो वेळा गरगर फिरवले. आयन जागच्या जागी बारीकसे रिंगण घालत राहतो आणि पळत नाही. घाण्याच्या बैलासारखा. अशा स्थितीत इलेक्ट्रॉनची फिरकी तीन सेकंदांपर्यंत पाहता आली. आधीच्या थोरियम ऑक्साइडच्या प्रयोगात रेणूंचा झोत डोळ्यांसमोरून जाई आणि पाहायला एका सेकंदाचा सुमारे हजारावा भाग मिळे. कोठे तो क्षण आणि कोठे तीन सेकंद. झोतात रेणूंची संख्या फार मोठी असते आणि सापळ्यात थोडी, हे खरे, पण वेळेने ती भरपाई करून वर फायदाही दिला.

आणि पारडी? एकाच सापळ्यात, एकाच वेळी, काही रेणूंचे तोंड क्षेत्राच्या दिशेने आणि काहींचे उलट ठेवता येते. बाहेरचे सगळे तेच, आतले क्षेत्र मात्र उलटे. दोन्हींची वारंवारिता मोजायची आणि वजा करायची. पासंग असेल तर फरक उरेल. शिवाय चुंबकीय क्षेत्र उलटून पाहायचे, फिरवण्याची दिशा उलटून पाहायची. म्हाताऱ्या बुवाची युक्ती, पण नाना परींनी. २०२३ च्या जुलैमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निकाल आला. आलेले माप उणे १.३ आणि त्यातली संभाव्य चूक अधिक-उणे २ च्या थोडी वर, म्हणजे शून्यापासून वेगळे म्हणता येत नाही. तेव्हा पासंग असलाच तर तो अमुक इतक्यापेक्षा मोठा नाही एवढेच ठामपणे सांगायचे. ते 'अमुक इतके' म्हणजे सेंटिमीटरमध्ये लिहायचे तर दशांश चिन्हानंतर एकोणतीस शून्ये आणि मग ४१. आम्ही याचीही कल्पना करून पाहिली. एक अणू फुगवून पृथ्वीपासून सूर्यापर्यंतच्या अंतराएवढा केला, तर त्यात इलेक्ट्रॉनचा भार जास्तीत जास्त सरकलेला असेल तो एका खऱ्या अणूच्या आकाराइतका. त्याहून जास्त नाही.

त्या मुलाला आम्ही तेव्हा हे सांगायला हवे होते की हे शून्य रिकामे नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सिद्धांतकारांनी नवनव्या कणांच्या कल्पना मांडल्या, मोठमोठ्या लोकांनी मांडल्या. त्यांतल्या अनेकांच्या हिशेबाने पासंग याहून मोठा निघायला हवा होता. तो निघाला नाही. म्हणजे त्या कल्पना एकतर टाकाव्या लागतील किंवा बदलाव्या लागतील. मांडणारा कोण, त्याचे नाव किती मोठे, याला तागडी विचारत नाही. युरोपात सत्तावीस किलोमीटर घेराचे जे प्रचंड यंत्र जमिनीखाली आहे त्यालाही थेट गाठता येत नाही इतक्या उंच ऊर्जेच्या कणांबद्दल या एका खोलीत मावणाऱ्या प्रयोगाने निवाडा दिला.

आता एक कबुली द्यायची आहे. आम्ही स्वतः विज्ञानाचे पदवीधर. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण कोणत्याही कॉलेजचे नाव घातले तरी वाचक मान डोलावतील. साध्या लंबकाचा प्रयोग होता, गुरुत्व त्वरण काढायचे. उत्तर सर्वांना ठाऊक होते, ९८०. लंबक एकच होता आणि मुले चाळीस. मग काय, उत्तरापासून मागे येत दोलनांचे वेळ 'बसवायचे'. कोणाचे ९७९.६, कोणाचे ९८०.३. फार चोख उत्तर आले तर सर संशय घेतील म्हणून थोडे हलवायचे, एवढी अक्कल मात्र आम्हाला होती. जर्नलवर सही झाली. पुढे केव्हातरी वाचनात आले की ९८० हे आपल्याकडचे मूल्यच नव्हे. ते अक्षांशावर अवलंबून असते. मंगरूळपीरच्या पट्ट्यात ते सुमारे साडे ९७८ येते. आमच्या लंबकाने हा फरक पकडला असता का? बहुधा नसता. पण आम्ही त्याला संधीच दिली नाही. चाळीस जर्नलांत, चाळीस सह्यांनिशी, ९८० उभे होते.

बोल्डरच्या वैज्ञानिकांनी काय केले ते याच्याशेजारी ठेवून पाहा. त्यांनी मापे घेताना संगणकाला सांगून उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवला. तो किती, हे त्यांनाच ठाऊक नव्हते. शेकडो तासांची मापे, चुकांची छाननी, सगळे हिशेब या झाकलेल्या आकड्यावर झाले. सगळे पक्के ठरल्यावरच तो गुप्त आकडा उघडून वजा केला. का? तर स्वतःच्या इच्छेवर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून. शून्य यावे असे मनात असले तर माणूस शून्य आल्यावर तपास थांबवतो. न यावे असे असले तर न आल्यावर थांबवतो. त्यांनी उत्तर स्वतःपासून लपवले. आम्ही उत्तर आधी लिहून मापे नंतर लिहिली. हा फरक पैशाचा नाही. गुप्त आकडा मिसळायला एक पैसा लागत नाही.

या कामात महाराष्ट्र कोठे आहे, असे कोणी विचारील. आहे, आणि तो महत्त्वाच्या जागी आहे. वर रेणूच्या पोटातले विद्युत क्षेत्र सांगितले. ते कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. ते गणिताने काढावे लागते, आणि ते गणित चुकले तर सगळ्या प्रयोगाचे माप चुकते. तागडी कितीही खरी असली तरी वजनावरचा आकडा खोटा असून चालत नाही ना! जड अणूंतले इलेक्ट्रॉन इतके वेगवान असतात की आइनस्टाइनचा सापेक्षता सिद्धांत धरून, सगळ्या इलेक्ट्रॉनांची एकमेकांवरची ओढाताण लक्षात घेऊन हे गणित करावे लागते. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तेथे २०१५-१६ च्या सुमारास सुदीप ससमल, हिमाद्री पाठक, नयना वावल आणि सौरव पाल यांनी, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील मलय नायक यांच्या साथीने, स्ट्रॉन्शियम फ्लोराइड, मर्क्युरी हायड्राइड, रेडियम फ्लोराइड अशा रेणूंची ही गणिते केली. यांतला रेडियम फ्लोराइड पाहा. हा रेणू लेझरने थंड होऊ शकेल असे इसाएव, होक्स्ट्रा आणि बर्गर यांनी २०१० मध्ये सुचवले. पुण्याचा त्यावरचा लेख २०१६ चा. आणि रेडियम किरणोत्सारी असल्याने हा रेणू बनवून लेझरखाली तपासण्याचे काम जिनिव्हाच्या सर्न येथे झाले ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कोणी तो डोळ्यांखाली घालण्यापूर्वी पाषाणच्या कागदावर त्याच्या पोटातला हिशेब मांडून झाला होता. ही बातमी आपल्या किती वर्तमानपत्रांत आली? आमच्याही नाही. दोष आम्ही घेतो.

पुण्यातच दुसरे एक काम आहे. राष्ट्रीय खगोलभौतिकी रेडिओ केंद्रातील निस्सीम काणेकर यांनी दूरच्या आकाशगंगांतल्या थंड रेणूंचे रेडिओ संदेश वापरून निसर्गाचे स्थिरांक खरोखर स्थिर आहेत का, ते तपासले. २०१५ च्या लेखात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मेथॅनॉलच्या रेणूवरून दाखवले की गेल्या सुमारे ७५० कोटी वर्षांत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानाचे गुणोत्तर एक कोटीत एका भागाच्या आसपास इतकेही बदललेले नाही. पुन्हा शून्य! असल्या तपासासाठी तेच रेणू पृथ्वीवर कसे वागतात याचे बिनचूक माप हाताशी लागते. हायड्रॉक्सिल या रेणूची अशी मापे २००६ मध्ये थंड, मंदावलेल्या रेणूंवर घेतली गेली होती, आणि तीही बोल्डरलाच.

आपल्याकडे प्रयोगाची बाजू अजून अणू आणि आयन यांच्याभोवती आहे. पुण्याच्या आयसरमध्ये उमाकांत रापोल यांची अतिशीत अणूंची प्रयोगशाळा आहे. आयुकामध्ये सुभदीप डे यांच्या गटाने यटर्बियमचा एकच आयन सापळ्यात धरून घड्याळ बनवण्याचे काम हाती घेतले. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले आणि त्यातले अतिसूक्ष्म मोजमापाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले. त्याच महिन्यात आमच्या वाशिमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी मंजूर झाले. म्हणजे जगातली एक अत्यंत बारीक तागडी मंगरूळपीरपासून काही तासांच्या एस.टी. प्रवासावर उभी राहायची आहे. तेथे चौकीदार आपल्या गावचे असतील, यात शंका नाही. दांडी वाचणारे कोण असतील, हा आमचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सरकारला दिलेल्या निवेदनात स्पष्ट लिहिले होते की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्यासाठी सरकारने पैसा द्यावा. या गोष्टीला ऐंशीहून अधिक वर्षे झाली. अभ्यासिकेतल्या त्या चाळीस मुलांपैकी एकवीस जण विज्ञान शाखेचे होते. आम्ही हात वर करायला सांगून मोजले. कनिष्ठ महाविद्यालयात स्वतःच्या हाताने लंबक हलवून वेळ मोजला असे किती, असे विचारले. तीन हात वर आले. एकीने तर सांगितले की त्यांच्याकडे प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी वाचने फळ्यावर लिहून देतात.

तेव्हा कोणी म्हणेल की खेड्यापाड्यातल्या मुलांना इलेक्ट्रॉनचा पासंग कशाला सांगता, आधी भरती होऊ द्या. भरती झालीच पाहिजे, पोट आधी. पण विज्ञान शिकवायचे आणि मोजू द्यायचे नाही, ही फसवणूक आहे, आणि ती गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलाला सर्वांत महाग पडते. शहरातला मुलगा खासगी वर्गात, यंत्र नसले तर चित्रफितीत, काहीतरी पाहतो. याच्याकडे फळ्यावरची वाचने असतात. मंगरूळपीर तालुक्यात सर्व कनिष्ठ महाविद्यालयांतील मुलांसाठी खुली राहील अशी एक प्रयोगशाळा, एक पूर्णवेळ प्रयोगशाळा सहायक आणि दर मुलाला स्वतःचे मोजमाप घ्यायला आठवड्यातून दोन तास, एवढी आमची मागणी आहे. लायगोच्या एका आरशाच्या किमतीत असल्या कित्येक होतील.

बोल्डरला पुढच्या फेरीसाठी थोरियम फ्लोराइडचा आयन तयार करणे चालू आहे, त्यात फिरकी आणखी जास्त वेळ पाहता येईल अशी आशा आहे. थोरियम ऑक्साइडचा गटही स्वस्थ नाही. तीन-तीन अणूंचे रेणू थंड करून सापळ्यात घातले जात आहेत. पुढचे उत्तरही शून्यच येईल की पासंग दिसेल, कोणालाच ठाऊक नाही.

तो अकरावीतला मुलगा गेल्या महिन्यात फोनवर बोलला. घराच्या आढ्याला दोरी बांधून तिला अर्धा किलोचे लोखंडी वजन लटकवले होते, मोबाइलच्या घड्याळावर शंभर-शंभर दोलने पाच वेळा मोजली होती. "सर, ९८० नाही येऊन राह्यलं," तो म्हणाला. एकदा ९७१, एकदा ९८४, एकदा ९७६, बाकीची दोन याच्या मधली. दोरी ताणते का, लांबी कोठून कोठपर्यंत धरायची, वारा लागतो का, असे त्याचे प्रश्न होते. आम्ही विचारले, वहीत काय लिहिलेस? "जे आलं ते," तो म्हणाला, "पाचही."